अनिकेत (गीता, अध्याय १२, श्लोक १९)



भक्तियोगाचा अध्याय आता संपत आला. वीस श्लोकांचा हा छोटा अध्याय. रोज एक श्लोक या हिशोबाने आज आपण एकोणिसाव्यावर आहोत. खरं सांगायचं तर हा श्लोक मी चार दिवस पुढे ढकलला. पूजा झाली की वही घेऊन बसायचो आणि एका शब्दापाशी येऊन अडायचो. लिखाण आलं नाही म्हणून दोघा-तिघांनी फोन करून तब्येत विचारली. तब्येत ठणठणीत आहे. मी का अडलो, ते आज सांगतो.

आधी श्लोकाचा अर्थ बघू. तेराव्या श्लोकापासून भगवंत आपल्या लाडक्या भक्ताची लक्षणं सांगतायत. एकोणिसाव्यात त्यातली शेवटची लक्षणं येतात. निंदा आणि स्तुती ज्याला सारखीच, जो बोलण्यात संयमी, जे मिळेल त्यात समाधानी, जो अनिकेत आहे, ज्याची बुद्धी स्थिर आहे, असा भक्तिमान माणूस मला प्रिय आहे, असं देव म्हणतो.

मी अडलो तो शब्द म्हणजे 'अनिकेत'. निकेत म्हणजे घर. ज्याला घर नाही तो अनिकेत.

हा शब्द आपल्याला फार आवडतो. आमच्या कॉलनीत तीन अनिकेत आहेत. तिघांच्याही वडिलांची घरं स्वतःची, दोघांची दुमजली. बारशाला किती हौसेने नाव ठेवलं असेल. पण त्याच शब्दाचं साधं मराठी केलं तर काय होतं? 'बेघर'. ते नाव कुणी आपल्या लेकराला ठेवेल का? संस्कृतात आहे तोवर तो देवाचा लाडका, मराठीत आला की रस्त्यावरचा. अर्थ तोच आहे, बदलली ती आपली नजर.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या मारुतीच्या देवळात जे घडलं, त्यात मीही होतो.

पालखी गेली, आजी राहिली

शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखी दरवर्षी आषाढीला आमच्या सोलापुरातून पुढे पंढरपूरला जाते. ते दोन दिवस गावाचा नूरच वेगळा असतो. तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारे, मराठी, सगळे रस्त्यावर. कुणी चहा देतं, कुणी केळी वाटतं, कुणी वारकऱ्यांच्या पायांना तेल लावतं. आमच्या कॉलनीतही पिठलं-भाकरी असते. देवळाच्या ओट्यावर, सभामंडपात, समोरच्या फरशीवर माणसं झोपलेली असतात. उशाला गाठोडं, अंगावर चादर. आम्ही वाकून वाकून विचारतो, "माऊली, अजून एक भाकरी घ्या की."

यंदा त्या गर्दीत एक म्हातारी होती. गळ्यात तुळशीची माळ, विटकं नऊवारी लुगडं, पायात काही नाही. टाचेला मोठी जखम. आमच्या हिने ती धुऊन हळद भरली आणि पट्टी बांधली. मी तिच्या पाया पडलो. लिहून ठेवतोय, कारण पुढचं सांगताना हे आठवायला हवं. मी तिच्या पाया पडलो होतो.

पालखी पुढे गेली. म्हातारीला चालवेना, ती ओट्यावरच राहिली.

पहिले दोन दिवस घराघरातून डबा गेला. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, "माऊली कधी निघणार?" चौथ्या दिवशी 'माऊली'ची 'ती म्हातारी' झाली. सहाव्या दिवशी एक जण म्हणाला, "का बे, हिला कोण ठेवून घेतलंय?" आठव्या दिवशी संध्याकाळच्या आरतीनंतर कमिटीची बैठक बसली. मीही त्या कमिटीत आहे. तिथं काय काय बोललं गेलं ते आठवेल तसं सांगतो.

"ही वारकरी नव्हेच हो. माळ काय, कुणीही घालतं."

"गावाकडं शेती असते ह्या लोकांची. इथं येऊन बसतात."

"एकीला ठेवलं की दहा येतील."

"आज म्हातारी आहे, उद्या दारुडा येऊन झोपंल."

"ह्यांना कामच नको असतं. आयतं खायची सवय लागलेली असते."

मंडळी, ही माणसं वाईट नाहीत. दोन वर्षांपूर्वी देवळातली दानपेटी फुटली होती. सकाळी ओटा धुवायला येणाऱ्या बाईची तक्रार होती. पहाटे फुलं घेऊन बायका-पोरी येतात, त्यांची काळजी होती. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. त्या बैठकीत 'ती' कुणी म्हणालंच नाही, सगळे 'हे लोक' म्हणत होते. भाकरी वाढताना आम्ही एका माणसाशी बोलत होतो, हाकलताना जमावाबद्दल बोलू लागलो. दानपेटी तिने फोडली नव्हती, दारू ती पीत नव्हती. 'ह्या लोकां'च्या नावावर जे जे जमा होतं, ते सगळं त्या एका म्हातारीच्या खात्यावर लिहिलं गेलं.

ठरलं असं की ओट्याला लोखंडी ग्रिल बसवायचं आणि पाटी लावायची. माझं अक्षर बरं आहे. पाटी मी लिहिली. 'देवळाच्या आवारात झोपण्यास व बसण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.'

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सांगायला मलाच पाठवलं. मी जाऊन शेजारी बसलो. आठ दिवसांत पहिल्यांदाच बसलो असेन.

"आजी, गाव कुठलं?"

"लांब हाय बाबा. तुळजापूरच्या पल्याड."

"घर नाही का?"

"हाय की. दोन खणाचं हाय. मालक गेले, मग पुतण्याच्या नावावर झालं. घर हाय बाबा, मला आत घेत न्हाईत, इतकंच."

मी पुढचं बोललोच नाही. तिनेच पाटीकडे बघितलं. वाचता येत नव्हतं, पण कळलं असावं. म्हणाली, "जाते की. पाय बरा हाय आता." हिने बांधलेली पट्टी काढून, धुऊन, घडी घालून तिने ओट्यावर ठेवली. परत केली म्हणायचं. आणि गेली.

पाय बरा नव्हता. मी बघितलं होतं.

हा शब्द कुणी कुणाला म्हणायचा?

त्यानंतर चारच दिवसांनी हा श्लोक आला. आता सांगा, मी काय लिहिणार होतो? घरादाराची आसक्ती सोडा, अनिकेत व्हा, असं लिहून मोकळं होता आलं असतं. पूर्वी दोनदा या श्लोकावर बोललोय, दोन्ही वेळा असंच बोललो.

या वेळी ज्ञानेश्वरी पुन्हा काढली. बाराव्या अध्यायात माऊलींनी या शब्दाला वाऱ्याची उपमा दिलीय. वाऱ्याचं जसं एका जागी बिऱ्हाड नसतं, तसा हा भक्त. आणि मग ते म्हणतात की हे सगळं जगच आपलं घर आहे, अशी त्याची खात्री झालेली असते. ती ओवी आपल्या सगळ्यांना पाठ आहे. भिंतीवर, पत्रिकेवर, शाळेच्या फाटकावर आपण ती लिहितो.

पण हे बोललं कोण, ते आपण विसरतो. ज्ञानदेवांच्या वडिलांनी संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले, म्हणून आळंदीने त्या कुटुंबाला वाळीत टाकलं. चार लेकरांना गावाने एक नाव दिलं, 'संन्याशाची पोरं'. आई-वडील गेले. शुद्धिपत्रासाठी ती पोरं आळंदीहून पैठणपर्यंत चालत गेली. पुढे नेवाशाला, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. दारं बंद होणं म्हणजे काय, हे त्या पोरांनी अंगावर सोसलं होतं. त्यानंतर जग माझं घर आहे असं म्हणणं, हे त्यांचं मोठेपण. ज्यांनी दार लावलं, त्यांना मात्र तीच ओवी म्हणून आपली सुटका करून घेता येणार नाही.

मला या श्लोकातून एवढंच कळलं. अनिकेत हा शब्द स्वतःबद्दल म्हणायचा आहे. मी माझ्या घराला धरून बसणार नाही, हे माझं मी ठरवायचं. दुसऱ्याचं घर गेलं असेल तर "अहो, हे जगच त्याचं घर" असं आपण म्हणायचं नाही. तिला पुतण्याने बाहेर काढलं आणि आम्ही देवळातून. याला वैराग्य म्हणायचं का?

श्लोकांचा क्रमही बघा. लक्षणांची सुरुवात तेराव्या श्लोकात होते. तिथं पहिलंच लक्षण आहे कुणाचाही द्वेष न करणारा, मग सगळ्यांचा मित्र, मग करुणा असलेला. अनिकेत येतो तो पार शेवटी. ज्याला त्या शब्दापर्यंत जायचंय, त्याला आधी मैत्री आणि करुणेच्या दारातून जावं लागतं. मधलं दार चुकवून थेट शेवटच्या खोलीत जाता येत नाही.

आणखी एक. याच श्लोकात 'निंदा' हा शब्दही आहे. घर आणि बोलणं, दोन्ही एकाच ठिकाणी. ज्याला घर नाही त्याच्याबद्दल लोक काय बोलतात, हे जणू व्यासांना ठाऊक होतं. निंदा-स्तुती सारखी मानणं ही ऐकणाऱ्याची साधना झाली. बोलणाऱ्याने काय करायचं? आपल्या जिभेवर लक्ष ठेवायचं.

नावं ठेवण्याचा इतिहास आपल्या गावातच आहे

सोलापुरात रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हटलं की पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. पण ही सेटलमेंट कसली, हे नव्या पोरांना माहीत नसतं. इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा केला. काही जाती-जमाती जन्मानेच गुन्हेगार, असं त्याने ठरवून टाकलं. यातल्या कितीतरी जमाती भटक्या होत्या. त्यांचं कायमचं गाव नव्हतं, कायमचा पत्ता नव्हता, आणि सरकारला तेच संशयाचं वाटत होतं. पारधी, कैकाडी अशा समाजातल्या माणसांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवलं गेलं. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर परवानगी घ्यायची. पाळण्यातलं पोरही कायद्याने गुन्हेगार. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्या समाजांत तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायद्यातलं नाव त्या दिवशी पुसलं गेलं. पण गावात कुठं चोरी झाली की आजही पहिलं बोट कुणाकडे जातं, ते तुम्ही-मी जाणतो.

दुसरा कायदा १९५९ चा, भीक मागण्याला बंदी करणारा. तो आपल्या मुंबई राज्यात झाला आणि पुढे इतर राज्यांनी उचलला. त्यात भिकारी कुणाला म्हणायचं, याची व्याख्या आहे. हात पसरणारा तर आहेच. पण उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी फिरतोय किंवा अशा अवस्थेत राहतोय की भिकेवर जगत असावा असं वाटावं, तोही त्यात येतो. म्हणजे हात पुढे केला नाही तरी नुसत्या दिसण्यावरून. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं डांबून ठेवायची तरतूद, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली.

हे वाचताना मला ती टाचेची जखम आठवली. तिने आमच्याकडे काहीच मागितलं नव्हतं. भाकरी आम्हीच दिली होती आणि भिकारीही आम्हीच म्हणालो.

तिसरी गोष्ट मुंबईची. १९८१ च्या भर पावसाळ्यात फुटपाथवरच्या झोपड्या काढून माणसांना आपापल्या गावी पाठवायचं ठरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल १० जुलै १९८५ ला लागला, सरन्यायाधीश होते आपले यशवंतराव चंद्रचूड. फुटपाथवर राहणाऱ्यांची बाजू अशी होती की काम जिथे मिळतं तिथून जवळ राहावं लागतं. इथून उठवलं तर पोटच जाईल. न्यायालयाने मान्य केलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, आणि ही माणसं तिथं राहतात ती नाइलाजाने. तरी शेवटी योग्य रीतीने सूचना देऊन त्यांना हटवायला परवानगी दिलीच, फक्त तो पावसाळा जाऊ द्या म्हणून सांगितलं. झोपड्या वाचल्या नाहीत. पण त्यांना आळशी, घुसखोर म्हणणाऱ्यांना देशाच्या सगळ्यात मोठ्या न्यायालयाने सांगितलं की कारण वेगळं आहे. बोलण्यातला हा बदल लहान नाही.

त्यांची मोजणी

२०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी एकाच रात्री झाली, २८ फेब्रुवारीच्या. कुठे मोजायचं, तर रस्त्याकडेला, फुटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, रेल्वेच्या फलाटावर, मोठ्या सिमेंटच्या पाइपांत, आणि देवळाच्या मंडपात. हो, देवळाचा मंडपही त्या यादीत आहे. त्या रात्री देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसं सापडली, आपल्या महाराष्ट्रात दोन लाखांवर. एका रात्रीत जेवढी दिसली तेवढीच ही. आमची आजी असती तर मोजली गेली असती का, कोण जाणे. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "घर हाय की."

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ठरलेला एक साधा हिशोब आहे. शहरात दर एक लाख वस्तीमागे किमान १०० माणसांची सोय होईल असा निवारा हवा. तो बारा महिने, चोवीस तास उघडा हवा. माणशी ५० चौरस फूट जागा हवी. २०११ ला सोलापूर शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार होती. म्हणजे साडेनऊशे माणसांची सोय. तुम्ही आपापल्या शहराचा हिशोब घरी बसून करू शकता. बारा महिने हा शब्दही महत्त्वाचा. आपल्याला बेघर माणूस आठवतो तो डिसेंबरात, ब्लँकेट वाटायला. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार जातो. तेव्हा सावली आणि माठातलं पाणी हेच ब्लँकेट असतं.

आणि बेघर माणूस काम करत नाही, हे तर आपल्या गावाने म्हणूच नये. गिरण्या बंद पडत गेल्या तसं हे गाव विड्या वळणाऱ्या बायकांच्या बोटांवर जगलं. दिवसभर काम करून त्या भाड्याच्या खोलीत, झोपड्यांत राहिल्या. त्यांनी संघटना केली, नरसय्या आडम मास्तरांसोबत वर्षानुवर्षं मोर्चे काढले, मजुरीतून पैसे बाजूला टाकले. कुंभारीला २००६ साली गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगारांसाठी दहा हजार घरं झाली. तिथंच रे नगरात, तीस हजार घरांच्या वसाहतीतल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या गेल्या. विडीवाल्या, यंत्रमागवाले, कचरा वेचणारे, शिलाईवाल्या. काल ज्यांना आपण 'झोपडपट्टीवाले' म्हणत होतो, ते आज 'रे नगरला राहतात'. माणूस तोच आहे. पत्ता आला आणि आपली भाषा बदलली. तो यायच्या आधीच ती बदलायला काय हरकत होती?

दोन माणसं, एकाच वाटेवरची

गजानन महाराजांची पालखी सोलापूरहून निघते ती मंगळवेढ्यावरून पंढरपूरला जाते. मंगळवेढा हे चोखोबांचं गाव. गावकुसाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले, अशी परंपरा आहे. जे गावकूस ते बांधत होते, त्याच्या आत त्यांना राहायची मुभा नव्हती. आजही तेच बघा. बिल्डिंग बांधणारं कुटुंब बिल्डिंग होईपर्यंत तिथंच पत्र्याच्या आडोशाला राहतं, आणि वास्तुशांतीच्या दिवशी आपण त्यांना सामान हलवायला सांगतो.

चोखोबांच्या नावाने पंढरपुरात धर्मशाळा बांधली ती गाडगेबाबांनी. बाबांनी १९०५ साली घर सोडलं. अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटकं गाडगं, हातात खराटा. नव्या गावात लोक त्यांना भिकारी समजायचे, वेडा समजायचे. ते गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, किती ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. दहा गोष्टींचा त्यांचा जो रोकडा धर्म सांगतात, त्यात बेघरांना आसरा ही एक आहे. आणि त्यांनी देह ठेवला तोही कुठल्या घरात नाही, अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, २० डिसेंबर १९५६ ला.

मंडळी, मला श्लोकाचा अर्थ इथं दिसला. बाबा स्वतः अनिकेत राहिले आणि दुसऱ्यासाठी निकेत बांधत गेले. आम्ही उलटं केलं. स्वतःच्या घराला कुलूप लावून झोपलो, देवाच्या घरालाही ग्रिल लावलं, आणि अनिकेत हा शब्द तिच्या वाट्याला दिला.

मी काय केलं

फार काही नाही. तीन संध्याकाळी स्कूटर काढून स्टँडवर गेलो, रेल्वे स्टेशनवर गेलो, सिद्धेश्वरांच्या देवळाकडे तळ्याच्या काठाने फिरलो. आजी दिसली नाही. पण एक झालं. तीन दिवस मी झोपलेल्या माणसांची तोंडं बघत फिरलो. एरवी आपण बघतच नाही. चाललो की नजर आपोआप दुसरीकडे जाते. एकाने विचारलं, "काय साहेब, कोण हरवलंय?" मी म्हटलं, "आमची आजी." म्हणून गेलो खरा, पण ते खोटं वाटलं नाही.

कमिटीत विषय काढला. पावसाळ्यात रात्री ओटा उघडा ठेवावा, दानपेटी आत हलवावी, आणि कुणी मुक्कामाला राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्याशी बोलून दवाखाना हवाय, निवारा हवाय की गावी जायला तिकीट हवंय, ते बघावं. दोघे हो म्हणाले, तिघे नको म्हणाले. ग्रिल अजून आहे. पाटी मात्र मी काढली. लिहिणारा मीच होतो, तेव्हा कुणी अडवलं नाही.

घडी घातलेली ती पट्टी हिने देवघरात ठेवलीय. मी काही बोललो नाही.

आजचा अभ्यास

वाचून झाल्यावर एवढं करून बघा.

१. आज दिवसभरात घर नसलेल्या माणसाबद्दल 'हे लोक' असं तोंडात आलं तर थांबा. तुम्ही कुणा एकाबद्दल बोलताय का? मग 'तो', 'ती', 'आजी', 'काका' असं म्हणून तेच वाक्य पुन्हा बोला. बहुतेक वेळा ते वाक्य पूर्णच होत नाही.

२. अन्न, कपडे देताना झोपलेल्या माणसाचा फोटो काढू नका. आपल्या घरात आपण झोपलो असताना कुणी काढलेला चालेल का? त्याचं घर तेवढंच आहे.

३. आपल्या शहरात महापालिकेचा रात्रनिवारा कुठे आहे, ते आज शोधून पत्ता वहीत लिहून ठेवा. इतकी वर्षं या गावात राहून मला तो कधी विचारावासाही वाटला नव्हता.

४. आपल्या घरात, भावकीत एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं नाव सात-बाऱ्यावरून, घराच्या उताऱ्यावरून निघालंय का, ते बघा. रस्त्यावर येणारा प्रत्येक जण लांबून येत नाही. काही जण आपल्याच उंबऱ्यातून निघालेले असतात.

प्रार्थना

पांडुरंगा, तू स्वतः विटेवर उभा, तुला बसायलाही कुणी पाट दिला नाही. तुझ्या दाराशी जो येईल त्याला माऊली म्हणायला तू आम्हाला शिकवलंस. तो शब्द पालखीबरोबर पुढे जाऊ देऊ नकोस. पालखी गेल्यावर जी मागे राहते, तिच्यासाठीही तो आमच्या तोंडात राहू दे. आणि ती आजी जिथं असेल तिथं आज रात्री कुणीतरी तिला आत घेऊ दे.

उद्या अध्यायाचा शेवटचा श्लोक.

राम कृष्ण हरी.